रस्त्याचं पंचांग

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कामाच्या मावशींची उचल, सगळं त्यावरच. आधी आई लिहायची, आता मी लिहिते. वर्ष सरलं की ते रद्दीत जातं. पण २०२३च्या सप्टेंबरचं पान मी फाडून कपाटात ठेवलंय. त्या पानावर २८ तारखेच्या चौकटीत, गुरुवारी, दोन सण एकाखाली एक छापलेले आहेत. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद.

भायखळ्यात राहणाऱ्या माणसाच्या पोटात ही चौकट पाहून गोळा आला तर नवल नाही. लालबागच्या राजाची विसर्जन मिरवणूक भायखळ्यावरून नागपाडा, दोन टाकी, गोल देऊळ करत गिरगाव चौपाटीला जाते. ईदचा जुलूस खिलाफत हाऊसमधून निघतो आणि खिलाफत हाऊसही भायखळ्यातच आहे. दोन्हीकडे अफाट माणसं, दोन्हीकडे ट्रक, झेंडे, लहान मुलं खांद्यावर. रस्ते मात्र तेच. वाण्याकडे, जिन्यात, लिफ्टमध्ये त्या ऑगस्टमध्ये एकच विषय होता. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. "बघू, काय ठरवतात ते," एवढंच.

मग ठरलं. खिलाफत कमिटी आणि समाजातली जाणती माणसं बसली आणि त्यांनी सांगितलं की ईद त्याच दिवशी होईल, पण जुलूस एक दिवस पुढे, २९ला निघेल. सरकारनं सुट्टीही २९ची दिली. पुढच्या वर्षी ईद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ला आलं, तर जुलूस १८ला गेला. २०२५ मध्ये ईद ५ला, विसर्जन ६ला, जुलूस ८ला. सलग तीन वर्षं.

या शहरातल्या सणांवर लिहायला बसलं की हात आपोआप रोषणाईकडे, पदार्थांकडे, गर्दीच्या फोटोंकडे वळतो. मला त्या सरकवलेल्या दिवसाबद्दल लिहायचंय.

आधी ही गाठ पडते कशी ते सांगते, कारण ते कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं. बारा महिने, ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा ते ११ दिवसांनी तोकडं पडतं आणि तो फरक भरून काढायचा नाही असाच नियम आहे. म्हणून रमजान कधी मे महिन्याच्या काहिलीत येतो, कधी डिसेंबरच्या गारव्यात, आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपले महिनेही चंद्राचेच, पण सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून आपण सूर्याशी मिळतं घेतो. त्यामुळे रबी-उल-अव्वल हा हिजरी महिना मागे सरकत सरकत तीस-बत्तीस वर्षांनी एकदा भाद्रपदाला येऊन भिडतो. आणि भिडला की हे दोन सण शेजारी आलेच, कारण आकाशात चंद्र एकच आहे. ईद-ए-मिलाद रबी-उल-अव्वलच्या बाराव्या तारखेची. हिजरी महिना कोर दिसली की लागतो, म्हणजे आपल्या प्रतिपदा-द्वितीयेच्या सुमाराला. तिथून बारा मोजले की त्रयोदशी नाहीतर चतुर्दशीच हाती लागते. अनंत चतुर्दशीचा चंद्र आणि ईद-ए-मिलादचा चंद्र गच्चीवरून पाहिला तर जवळजवळ तेवढाच दिसतो. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे. त्यानं भाद्रपद पुढे ढकलला जातो आणि ही जोडी सुटते, पुढच्या तीसेक वर्षांसाठी.

पारशांचं आणखी निराळं. शहेनशाही कॅलेंडरमध्ये वर्ष ३६५ दिवसांचं आणि लीप वर्ष नाही. म्हणून दर चार वर्षांनी त्यांचं नवं साल एक दिवस अलीकडे येतं. इराणात वसंतात असणारं नवं साल मुंबईत अशा सावकाश पावलांनी ऑगस्टच्या मध्यावर येऊन पोहोचलंय, भर पावसात. ईस्टरही चंद्र बघतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार. कालनिर्णयाच्या एका पानावर ही सगळी गणितं शेजारी शेजारी राहतात. लहानपणी मला वाटायचं हे सण कुणीतरी ठरवून वाटून दिलेत, चाळीत नळाच्या पाण्याच्या वेळा वाटून देतात तसे.

यातलं मला सगळ्यात भावतं ते बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, पंचांग. शाळेत आम्हाला भूगोलाला एक बेने इस्रायली बाई होत्या. नऊवारी नेसणाऱ्या आईच्या पोटी आलेल्या, घरी दारी मराठी बोलणाऱ्या, आडनाव कोकणातल्या गावाचं. त्यांनी एकदा वर्गात मलिदा आणला होता. भिजवलेले पोहे, खोबरं, गोड, वर फळांच्या फोडी. एलियाहू हन्नबी या ज्यू प्रेषिताच्या नावानं केलेला. "आमचे पूर्वज अलिबागेजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले," त्यांनी सांगितलं, "आणि तिथे तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं." सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. घंटा झाली तरी आम्ही उठलो नाही.

पुढे कॉलेजात असताना बेने इस्रायलींच्या सणांची नावं वाचली आणि तो तास पुन्हा आठवला. या लोकांनी आपले सण शतकानुशतकं मराठीत साजरे केले. रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण. त्याच्या मागोमाग खिरीचा सण. योम किप्पूर, उपासाचा आणि पश्चात्तापाचा दिवस, ज्या दिवशी घरं बंद करून देवासमोर उभं राहायचं, तो दारफळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला नाव काय, तर बिरड्याचा! उपास सोडताना वालाचं बिरडं खायचं म्हणून. वसंतातल्या पुरीमला ते होळीचा सण म्हणत आणि एलियाहू हन्नबीच्या दिवसाला उरूस. हिब्रू प्रेषिताचा, मराठी बोलणाऱ्यांनी केलेला उरूस. उपासाच्या एका महिन्याला तर त्यांनी रमजानच म्हटलं.

यात गंमत अशी की ज्यू पंचांगही अधिक महिना धरतं, १९ वर्षांत ७ वेळा. त्यामुळे त्यांचे सण आपल्या ऋतूंतून हलत नाहीत. नव्याचा सण अमावास्येला लागून येतो आणि पुष्कळदा तेव्हाच इकडे घट बसतात. पुरीम पौर्णिमेचा, होळीही पौर्णिमेची. कोकणातल्या त्या तेल्यांनी शेजारच्या सणाचं नाव उगाच घेतलं नव्हतं. आकाशात पाहून घेतलं होतं. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. शेजारपाजारचे त्याला मशीदच म्हणायचे, जुनी मशीद. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आमच्या बाईही गेल्या. जाताना नकाशाच्या तासाला लागणारी त्यांची लाकडी पट्टी त्यांनी मला दिली, ती अजून माझ्याकडे आहे.

आजीची गोष्ट सांगायला हवी. बाबांचा पाय लोकलमधून पडून मोडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आम्ही गिरगावात राहायचो. आजी कोकणातली, सोवळ्यातली, चतुर्थी न चुकवणारी. तिनं नवस बोलला तो मोतमाउलीला. वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीला कोळी आणि आसपासची मराठी माणसं मोतमाउली म्हणत आली आहेत. मूर्ती कोळ्याच्या जाळ्यात सापडली अशी कथा आहे आणि आजीला ती कथा पुरेशी होती. समुद्रातून आलेली देवी परकी कशी असेल?

सप्टेंबरमध्ये मेरीच्या जन्मदिवसानंतरच्या रविवारपासून आठवडाभर तिथे जत्रा भरते. त्या वर्षी बाबा काठी घेऊन चालायला लागले होते, म्हणून आजी मला घेऊन निघाली. चर्नी रोडहून वांद्रे, स्टेशनबाहेरून बेस्टची जत्रेची जादा बस, मग चढण. पाऊस होता. दोन्ही बाजूंना मांडव, त्यांत मेणाच्या वस्तू रचून ठेवलेल्या. हात, पाय, डोळे, हृदय, पाळण्यातलं बाळ, घर, विमानसुद्धा. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे बरं झालं, त्याचा आकार. आजीनं पाय मागितला. मांडवातल्या बाईनं हातातलं काम न थांबवता विचारलं, "डावा का उजवा?"

आजी गप्प झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबांचा कुठला ग?" तिनं नऊ महिने त्या पायाला तेल चोळलं होतं. तिला माहीत नव्हतं असं नाही. इतका नेमका प्रश्न तिला देवळाच्या वाटेवर आजवर कुणी विचारलाच नव्हता. "उजवा," मी म्हटलं. बाईनं रास चाळून उजवा पाय काढून दिला.

वर चर्चमध्ये आजीला कुठे उभं राहायचं, मेणबत्ती कुठे द्यायची ते ठाऊक नव्हतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिचा दंड धरला. लाल चौकड्यांचं लुगडं, अंबाड्यात फूल, कपाळ मोकळं, गळ्यात क्रूस. "इकरं ये गो, इकरं," ती म्हणाली आणि आजीला पुढे घेऊन गेली. नंतर बाहेर पायऱ्यांवर दोघी पावसात एका छत्रीखाली बसून मासळीच्या भावाबद्दल बोलत होत्या. आजी शाकाहारी होती, पण कोकणातली. भाव तिला पाठ होते. ती म्हातारी ईस्ट इंडियन होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मुंबई-साष्टी-वसईचे हे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. गोव्या-मंगळुराहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्त्यांहून आपण वेगळे, इथलेच, हे सांगायला त्यांनी १८८७च्या सुमाराला ते नाव घेतलं. ऑक्टोबरमध्ये त्यांचा आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. शेतं इमारतींखाली गेली तरी काही गावठाणांत लोंब्या बाहेरून आणून आगेरा करतात. प्लेगच्या काळात, १८९६ नंतर, वांद्र्याच्या गल्लीगल्लीत उभारलेल्या क्रुसांना आजही हार असतात. तिथून जाताना मी थांबते. रोगराईत माणसं भयानं रस्त्यावर आली आणि तिथेच त्यांनी देव उभा केला, याची ती जागा आहे.

आम्ही परतताना बस माहीमच्या पुलावरून... नाही, आम्ही ट्रेननंच परतलो. पण त्या पुलाची गोष्ट मला या जत्रेपासून वेगळी काढता येत नाही. पूर्वी माहीमहून वांद्र्याला होडीनं जावं लागे आणि होड्या बुडत. लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखावर रुपये देऊन तो बांध बांधवला. १८४५ला तो खुला झाला. अट एकच होती, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. तेव्हापासून आजवर नवस फेडायला निघालेली किती पावलं त्या पारशी बाईंच्या पैशावरून पलीकडे गेली असतील!

आणि त्याच माहीमला, बांधाच्या अलीकडे, मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. १५व्या शतकातले मोठे विद्वान, कुराणावर भाष्य लिहिलेले. डिसेंबरमध्ये तिथे दहा दिवसांची जत्रा असते आणि पहिल्या संदलचा मान मुंबई पोलिसांचा. खाकीतला अधिकारी डोक्यावर चादरीचं तबक घेऊन चालतो, पुढे बँड वाजत असतो. त्या संध्याकाळी रस्ता अडवणारा आणि मिरवणूक काढणारा एकच असतो. ते दृश्य ज्यानं पाहिलं नसेल त्यानं एकदा जाऊन पाहावं.

आता अवघड भागाकडे येते.

१९व्या शतकातल्या मुंबईत रस्त्यावरचा सगळ्यात मोठा उत्सव गणपतीचा नव्हता. तो मोहरमचा होता. ताबूत निघायचे, मोहल्ल्यामोहल्ल्याच्या टोळ्या एकमेकींशी चढाओढ करायच्या. त्यात हिंदू मोठ्या संख्येनं असायचे. वाजवणारे, नाचणारे, ताबुताला नवस बोलणारे. १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठा दंगा झाला आणि ते मोडलं. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. मुंबईतला तो पहिला. पुढच्या काही वर्षांत टिळकांच्या पुढाकारानं हा उत्सव गावोगाव पसरला. मेळे निघाले, त्यांची पदं निघाली, मिरवणुकांना टोळ्यांचा आकार आला. इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यात मोहरमची ठेवण ओळखली आहे. ज्या मिरवणुकीतून एक पाऊल मागे घेतलं तिचीच चाल दुसऱ्या मिरवणुकीत आली. केशवजी नाईकांच्या चाळीतली मूर्ती आजही लहानशी, मातीची असते. मी दर वर्षी जाते. तिथल्या शांततेत उभं राहिलं की त्या सालाची दोन्ही तोंडं मला दिसतात आणि यातलं एकच तेवढं खरं मानावं असं मला कधी वाटत नाही.

मशिदीसमोर वाजवायचं की नाही, यावर या देशात शंभर वर्षं डोकी फुटली आहेत. म्हणून मिरवणूक जेव्हा थांबते तेव्हा ती थांबवायला कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईत मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. ज्युलिओ रिबेरो आणि सतीश सहानींसारख्या पोलीस अधिकाऱ्यांनी त्यात लक्ष घातलं, पण त्या चालवल्या वस्तीतल्या माणसांनी. आमच्या ओळखीचे एक काका त्यात होते. सणाच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या घरी संध्याकाळी जेवण निवत पडायचं. कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता कोण, नमाज कितीला संपते, मंडळाचा ट्रक तिथे कितीला पोचतो, उशीर झाला तर कुणी कुणाला फोन करायचा. कागदावर काढलेलं ते सगळं मी पाहिलंय. मला ते कालनिर्णयाच्या मागच्या बाजूसारखं वाटलं होतं. रस्त्याचं पंचांग. ग्रहांऐवजी माणसांचं.

लहानपणी मिरवणुकीतला मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला क्षण वाजवणं थांबण्याचाच आहे. पुढचा माणूस हात वर करायचा. ढोलाची थाप हवेतच थांबायची, ताशा दोन टिपऱ्या जास्त वाजून गप्प व्हायचा. मग फक्त चपलांचा आवाज. शेकडो माणसांच्या चपला ओल्या रस्त्यावर. झांजा वाजू नयेत म्हणून पोरं त्या छातीशी घट्ट धरायची. एवढी गर्दी आणि एवढी शांतता एकत्र मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही. मशीद, दवाखाना, कुणाच्या घरी गेलेलं माणूस, कारण काहीही असेल. पन्नास-शंभर पावलं तशी चालायची आणि मग हात खाली यायचा. त्यानंतरची पहिली थाप अंगावर काटा आणायची.

ढोल हातानं थांबतो. डीजे हातानं थांबत नाही. मला वाटतं इथे काहीतरी मोठं बिघडलंय आणि ते केवळ कानाचं नाही. बाबांचं शेवटचं आजारपण भाद्रपदात आलं. ते रुग्णालयात होते, तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. २०००च्या नियमांनी रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असतात आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातून मोजके दिवस ती वेळ बारापर्यंत वाढवून देता येते. त्या रात्री खाली एका मंडळाचा ट्रक उभा राहिला. भिंतीएवढे स्पीकर. खिडकीची काच थरथरत होती, सलाईनच्या बाटलीतलं पाणीही. मी खाली धावले. ट्रकच्या पुढे नाचणाऱ्या मुलांना हात जोडले, मोठ्यानं ओरडून सांगितलं. त्यांना माझा आवाज पोचलाच नाही. त्यांचे चेहरे वाईट नव्हते. एकानं तर मला प्रसाद दिला. पण थांबवणार कोण? हात वर करणारा माणूसच त्या मिरवणुकीत नव्हता. तो पुढे नसला तर मागची सगळी माणसं असहाय असतात, वाजवणारी आणि ऐकणारीही. बाबा आयुष्यभर गणपतीच्या दिवसांत आरती म्हणत घसा बसवून घेणारे. त्या रात्री ते उशीत डोकं खुपसून पडले होते. मला ते विसरता येत नाही.

वाट देणं हे मला सणाइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि ते सगळ्यांनाच द्यावं लागतं. म्हणून ६ डिसेंबरबद्दल बोलते. तो सण नाही, स्मरणाचा दिवस आहे. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तीच चैत्यभूमी. दर वर्षी तिथे महाराष्ट्रातून आणि बाहेरून लाखो माणसं येतात. दोन-दोन दिवस रांगेत उभी राहतात, रात्री शिवाजी पार्कात झोपतात. तिथे भरणारा पुस्तकांचा बाजार मी दुसऱ्या कुठल्या जत्रेत पाहिला नाही. खेडेगावातली बाई पदराच्या गाठीतून पैसे सोडून पुस्तक घेते आणि ते पिशवीत तळाशी नीट ठेवते. आणि आमच्यातलीच काही माणसं, जी दहा दिवस मांडवानं अडवलेल्या रस्त्यावरून कौतुकानं वळसा घालून जातात, त्या दोन दिवसांत गर्दी आणि घाण यावर बोलतात. माझ्या नात्यातही बोलतात. मी आता गप्प बसत नाही. वळसा घालायचाच असेल तर दोन्ही वेळेला त्याच पायांनी घालावा, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणते.

काळा घोडा महोत्सवालाही मी जाते. १९९९ पासून तो जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला भरतो. चित्रं, नाटकं, वाचन, हस्तकला, सगळं छान असतं. तिथून दोन पावलांवर १८८४चं सिनेगॉग आहे, ससून घराण्याचं वाचनालय आहे. ज्या पुतळ्यामुळे चौकाला नाव पडलं तो घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. आता चौकात स्वार नसलेला नवा घोडा उभा आहे. मला तो आवडतो. पण शहराची विविधता मंचावर क्रमाक्रमानं येते तिथे कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. मला जत्रा जवळची वाटते. डावा का उजवा विचारणारी.

२८ सप्टेंबर २०२३च्या दुपारपासून मी भायखळ्याच्या फुटपाथवर होते. अग्निशमन केंद्रापुढे राजा आला तेव्हा जवानांनी बंबांचे भोंगे वाजवून त्याला सलामी दिली. दर वर्षी देतात. हिंदुस्तानी मशिदीपाशी दर वर्षीसारखीच मिरवणूक रेंगाळली. टोप्या घातलेली माणसं कठड्यापाशी उभी होती, हार तयार होते. माझ्या शेजारी दहाएक वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या खांद्यावर होता. "अब्बा, आपला उद्या ना?" त्यानं विचारलं. वडील म्हणाले, "हां, उद्या." मुलानं राजाकडे पाहिलं आणि हात हलवला. मिरवणूक चौपाटीला पोचली, विसर्जन झालं, तोवर दुसरी सकाळ उजाडली होती.

२९ला सकाळी पालिकेच्या बायका रस्ता झाडत होत्या. फुलांचे, कागदाचे, चपलांचे ढीग. पाण्याचा टँकर आला, रस्ता धुतला गेला. तरी फुटपाथच्या कडेच्या फटींत, गटाराच्या जाळीभोवती गुलाल राहिलाच. दुपारी जुलूस निघाला. हिरवे झेंडे, नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गीतं, म्हणणारी पोरं, पांढरे शुभ्र कुर्ते, शरबताचे पेले. खूप ऊन होतं. मुलं कडेकडेनं धावत होती, ट्रकांना मागे टाकत. कालचा तो मुलगा मला गर्दीत दिसला की दुसराच कुणी होता, सांगता येणार नाही. तो फुटपाथच्या काठावर बसून शरबत पीत होता. उठला तेव्हा त्याच्या नव्या पांढऱ्या पायजम्याच्या काठाला गुलाबी रंग लागला होता. त्यानं खाली वाकून तो दोनदा झटकला. निघाला नाही. मग तसाच पळत पुढे गेला.